काकूंचं पित्ताशय

१. बंद पोटातली चोरी

दुर्बीण आत गेली. पडद्यावर काकूंचं यकृत दिसलं, जठर दिसलं, आतड्याची वेटोळी दिसली, पण पित्ताशय काही दिसेना. सर्जनसाहेबांनी दुर्बीण डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, यकृत जरा उचलून त्याच्या खाली पाहिलं. चष्मा हरवला की माणूस शेवटी फ्रीजसुद्धा उघडून बघतो, तसं त्यांनी नको तिथेही डोकावून घेतलं. अखेर पित्ताशयाच्या जागी त्यांना दोन चिमुकल्या धातूच्या क्लिपा चमकताना दिसल्या. पित्ताशय काढताना सर्जन लावतात त्याच. म्हणजे त्यांच्या आधीच कुणीतरी येऊन, माल उचलून, दार नीट ओढून घेऊन गेलं होतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे एकदमच म्हणाले, "मी नाही."

फोन आला तेव्हा मी घरी गुडघा शेकत बसले होते. याच हॉस्पिटलात फिजिशियन म्हणून माझी हयात गेली. निवृत्त झाले तर 'निदानातील चुका कमी करण्याची समिती' नावाची धोंड गळ्यात पडली. या समितीत मी एकटीच आहे, त्यामुळे तिच्यात मतभेद होत नाहीत. तरुण डॉक्टर मला माझ्यामागे शंकासुर म्हणतात. हे मला कळलेलं नाही असा त्यांचा समज आहे, आणि मी तो मोडत नाही.

संचालकांच्या केबिनमध्ये माशांची टाकी आहे. अडचणीचं बोलायचं असलं की ते माशांकडे बघून बोलतात.

"मॅडम, संध्याकाळी विश्वस्तांची मीटिंग आहे," ते माशांना म्हणाले. "मला एक नाव पाहिजे."

"कशाला?"

"चूक झाली म्हणजे कुणीतरी केली असणारच ना!"

"आणि नाव ठरलंय वाटतं?"

"खडे आहेत, असं पहिल्यांदा तिनंच लिहिलं. कॅज्युअल्टीतली ती नवीन पोरगी. छोटी."

छोटी म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत धाकटी डॉक्टर. अंगानं एवढीशी, चष्मा मात्र मोठा. तिची इथली शिकाऊ जागा गेली तर दुसरं कुठलंही हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आमच्याकडची रीत जुनी आहे, पण निदान तपास झाल्यावर तरी फाशी द्या, असं मी म्हटलं.

"आधी ऑपरेशन झालंय का, हे त्या बाईंना कुणी विचारलंच नाही?"

"सगळ्यांनी विचारलं हो!" संचालकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तेच तर कळत नाही. आणि नवरा अजूनही शपथेवर सांगतोय, हिचा आजवर साधा दातसुद्धा काढलेला नाही!"

२. आवाज कसा आहे?

छोटी लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती. रडताना उचकी लागली होती, त्यामुळे जबाब तुकड्यातुकड्यांनी मिळाला.

"काकूंना इथे दुखत होतं, मॅडम." तिनं स्वतःच्या उजव्या बरगड्यांखाली हात ठेवला. "मी दाबलं आणि खोल श्वास घ्या म्हटलं. श्वास अर्ध्यावरच अडकला."

पित्ताशय सुजलं की हीच खूण मिळते. पोरगी पुस्तक वाचून आली होती, यात शंका नव्हती.

"ताप?"

"नव्हता."

"रक्ताचा रिपोर्ट?"

"अगदी स्वच्छ."

"जेवण?"

"बिस्किटांचा पुडा संपवला होता त्यांनी." उचकी. "मला जरा विचित्र वाटलं होतं. म्हणून मी वर कळवताना सांगितलं, खडे असावेत. नक्की आहेत असं नाही म्हटलं, मॅडम, आईशप्पथ!"

"पण खडेच का सुचले?"

"जुने खडे आहेत, असं कळलं. पूर्वी निदान झालेलं होतं."

मी तिला पाणी दिलं आणि दारातून मागे वळून विचारलं, "काकूंचा आवाज कसा आहे गं?"

छोटीची उचकी थांबली. "आवाज?" ती विचारात पडली. "बारीक... असेल."

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना आम्ही चित्रगुप्त म्हणतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून ते लोकांच्या आतल्या भानगडी चित्रांतून टिपत असतात. त्यांच्या अंगावर मी थेट गेले.

"नसलेल्या पित्ताशयात तुम्हाला खडे दिसले?"

"दिसले," ते शांतपणे म्हणाले. "चकाकणारी रेघ आणि तिच्यामागे काळी सावली. खडे असेच दिसतात. आता कळतंय की पित्ताशयाच्या रिकाम्या जागेत आतडं सरकून बसलं होतं, आणि त्यातला वायू असा दिसत होता."

"आधी कळलं नाही?"

"मला खडे बघा म्हणून सांगितलं होतं. मी बघितले." मग जरा ओशाळून, "कुणी नुसतं 'पोट बघा' म्हटलं असतं, तर कदाचित पित्ताशयच शोधलं असतं हो."

हा माणूस प्रामाणिक आहे, म्हणून त्याच्यावर फार वेळ रागावता येत नाही. काकूंचा आवाज कसा आहे, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

सर्जनसाहेब खोलीत येरझारा घालत होते. "कॅज्युअल्टी म्हणते खडे, सोनोग्राफी म्हणते खडे, घरचे म्हणतात खडे! मी काय म्हणायला हवं होतं, मोती?"

"पोटावर जुन्या खुणा नव्हत्या?"

ते थांबले. "होत्या. बारीक, पांढऱ्या. मी विचारलं ना! कांजिण्यांच्या आहेत, असं सांगितलं."

"कुणी?"

"कुणी म्हणजे... घरच्यांनी."

"बरं, बाईंचा आवाज कसा आहे?"

सर्जनसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शंकासुराचं डोकं आता पुरतं फिरलंय, याची त्यांना खात्री पटली होती. पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

छोटीनं 'असावेत' म्हटलं, पुढच्यानं 'आहेत' केलं आणि सर्जनसाहेबांपर्यंत पोचेतो ते 'आहेतच' झालं होतं. साप साप म्हणून तिघांनी भुई धोपटली होती. पण पहिल्यांदा 'साप' म्हणून ओरडलं कोण? ते शोधायला मी वॉर्डाकडे निघाले. वॉर्डाच्या दाराबाहेरच मला एक खणखणीत आवाज ऐकू आला, आणि तो काकूंचा नव्हता.

३. चौकशीची खिडकी

आवाज काकांचा होता. वॉर्डात सगळे त्या दोघांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले, नाहीतर दोघंही माझ्याहून लहानच असतील. काकांचं सगळं आयुष्य बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे गेलं होतं. विचारलेला प्रश्न त्यांनी कधी अनुत्तरित सोडला नव्हता. उत्तर माहीत असलंच पाहिजे, अशी काही अट त्या खिडकीला नव्हती.

"काकू, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं आहे," काका म्हणाले. "टाके थोडे ओढतात."

"झोप लागली?"

"छान लागली."

"तहान?"

"आत्ताच घोटभर पाणी दिलंय."

काकू माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. हसताना त्यांनी उशी पटकन उजव्या कुशीला दाबून धरली. टाके पोटावर होते आणि उशी बरगड्यांवर. हे मी मनात टिपून ठेवलं. उजव्या तळहातावर एक वाळत आलेली खपली होती.

"हे काय लागलं?"

"तव्याचा चटका," काका म्हणाले.

चटक्याच्या खपलीत कधी खडी अडकत नाही. इथे तर दोन काळे कण स्पष्ट दिसत होते. एवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या बाईला नर्सनं विचारलं, "पोट साफ झालं का?" आणि काकांनी मान वळवून सांगितलं, "सकाळीच झालं."

या माणसाला खाटेपासून हलवायचं कसं? चहाला चला म्हटलं तर ते म्हणाले, सोडला. बाहेर बसा म्हटलं तर म्हणाले, इथेच बरा आहे. शेवटी मला त्यांचा हुकमी पत्ता सापडला.

"काका, आमच्या खालच्या चौकशीच्या काउंटरवरची मुलगी जेवायला गेलीय. लोकांचा नुसता खोळंबा झालाय. तुमच्यासारखा अनुभवी माणूस जरा वेळ..."

काका उठले. शर्ट नीट खोचला, केसांवरून हात फिरवला, आणि लग्नघरी निघाल्यासारखे तरातरा निघून गेले. आमच्या हॉस्पिटलातला कुठला विभाग कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. थोड्याच वेळात हाडांचा एक पेशंट कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन बसला आणि कुणाचे तरी आजोबा प्रसूतीच्या रांगेत लागले. माझ्या तपासाला यापेक्षा भक्कम पुरावा नको होता.

मी काकूंच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि स्टूल जवळ घेतलं.

"आता बोला."

काकूंनी पडद्याच्या फटीतून दाराकडे पाहून घेतलं. मग जाड, भरदार, जरा खरखरीत आवाजात म्हणाल्या, "सांगते. पण ह्यांना कळता कामा नये."

४. काकूंचा जबाब

"खडे होते, खरंच होते," काकू म्हणाल्या. "पण ती फार जुनी गोष्ट. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल. हे त्या दिवसापासून जेवेनात. माझ्याकडे बघून डोळे पुसायचे. शेजाऱ्यांना सांगून आले, हिचं काही खरं नाही. मी म्हटलं, हा माणूस ऑपरेशन होईपर्यंत काही जगत नाही. मग मी बहिणीकडे राहायला जाते म्हणाले, आणि तिकडेच काढून आले."

"आणि यांना काय सांगितलंत?"

"औषधानं विरघळले म्हणून."

"तुम्हाला स्वतःला भीती नाही वाटली?"

"छे! मला कसली भीती? भीती ह्यांच्या घाबरण्याची होती." त्या हसल्या आणि पुन्हा उशी कुशीला गेली.

"मग या वेळी सांगायचं नाही का, की बाबांनो, ती पिशवी गेलीय?"

"पिशवीचं मला कोण बोललं? सगळे खडे, खडे म्हणत होते. मशीनमध्ये दिसलेत म्हणाले. मला वाटलं, या वेळी मूत्रपिंडात झाले असतील. डॉक्टर ह्यांना समजावून सांगत होते, हे माना डोलवत होते. ह्यांनी सही केली, मला सांगितलं, इथे माझ्या अंगठ्याजवळ सही कर, मी केली."

मला संताप आला. पोट एकाचं, समजावलं दुसऱ्याला. ज्यांच्या पोटात दुर्बीण घालायची त्यांना कुठला अवयव निघणार, हे सांगायला आमच्यापैकी एकालाही सवड झाली नाही. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. आम्ही ती डोळे मिटून विकत घेतली होती.

"आता दुसरं गुपित," मी म्हटलं. "पडलात कुठे?"

काकूंनी डोळे मोठे केले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. खाल्ल्यावर दुखत नाही, बिस्किटं पचतात, ताप नाही. पण हसलं की दुखतं, खोल श्वास घेतला की दुखतं. उजव्या कुशीवर तुम्ही वळत नाही. आणि हातात रस्त्याची खडी आहे."

काकू लाजल्या. पिकलेल्या केसांची बाई लाजली की फार गोड दिसते, हे इथे नमूद करते.

"स्कूटर शिकतेय," त्या कुजबुजल्या. "शेजारणीची. गोदामामागच्या मोकळ्या जागेत. वळताना उजव्या अंगावर आपटले. तेव्हापासून हे दुखणं. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, कूस दुखतेय. हे म्हणाले, खडे परत आले! मला तर हायसंच वाटलं, म्हटलं, स्कूटर वाचली."

"या वयात स्कूटर कशाला पण?"

"ह्यांना नीट दिसेनासं झालंय. कबूल करत नाहीत. बसचा नंबर वाचता येत नाही, तरी मला सांगतात, ही आपली नाही. दोनदा भलतीकडे गेलो. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ आली, तर कुणाकुणाचे पाय धरायचे?"

मी ऑपरेशनपूर्वी काढलेला त्यांचा छातीचा एक्सरे मागवला. तो सगळ्यांनी पाहिला होता. पण हृदय आणि फुप्फुसं भुलीला चालतील का, एवढंच त्यात पाहायचं होतं, म्हणून तेवढंच पाहिलं. मी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. उजव्या बाजूच्या खालच्या बरगडीला बारीक चीर होती. आणि त्याहून खाली, फिल्मच्या अगदी कडेला, त्या दोन क्लिपा. चोरी आणि अपघात, दोन्ही तिथे दिवसाढवळ्या उघड्यावर पडलेले होते.

दुखणं सापडलं होतं. बरगडी आराम दिला की आपली आपण जुळते, तिला सर्जन लागत नाही. राहिली होती छोटी.

"काकू," मी म्हटलं, "तुमची दोन्ही गुपितं माझ्या पोटात राहतील. पण मग संध्याकाळी एका पोरीची जागा जाईल. ही चूक कशी झाली, ते तुमचं नाव न घेता मला सांगता येणार नाही."

"कुठली पोरगी? ती बुटकी, चष्मेवाली? मला उठवून बसवताना स्वतःच पडायला आली होती ती?"

"तीच."

काकूंनी कुशीवरची उशी बाजूला ठेवली.

"मीटिंग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

५. नाव पाहिजे

विश्वस्त बसले होते. एका बाजूला चित्रगुप्त आणि सर्जनसाहेब, आणि कोपऱ्यात छोटी. तिनं आपली बॅग भरून सोबतच आणली होती. काकू चाकाच्या खुर्चीत होत्या आणि खुर्ची ढकलत छाती पुढे काढून काका आले. काउंटरवर त्यांचा दिवस झकास गेला होता. का बोलावलंय, हे त्यांना कळलेलं नव्हतं.

"हं, मॅडम," संचालक म्हणाले. "नाव?"

"नाव नंतर. मी तिघांना एकच प्रश्न विचारला, बाईंचा आवाज कसा आहे? तिघांनी यांना तपासलं, दाबलं, मशीन फिरवलं, एक तर आत जाऊन आले. आवाज कुणालाच माहीत नाही. कारण प्रश्न सगळ्यांनी विचारले, पण उत्तरं सगळ्यांनी दुसऱ्याच माणसाकडून घेतली. आणि पहिल्यानं जे ऐकलं, ते बाकीच्यांनी पाहिलं." मी खुर्चीकडे वळले. "आता पेशंट बोलतील."

काकू बोलल्या. बहिणीकडचं ऑपरेशन सांगितलं, खडे विरघळल्याची थाप सांगितली, स्कूटर सांगितली. तो भरदार आवाज खोलीत असा घुमला की विश्वस्त सरळ बसले. काकांची छाती मात्र हळूहळू आत गेली. त्यांनी खुर्चीची मूठ घट्ट धरली होती.

संचालक काकांकडे वळले. "अहो, पण तुम्ही तर म्हणालात, दातसुद्धा काढला नाही! मग यांची आणखी किती ऑपरेशनं झालीत?"

काकांनी सवयीनं तोंड उघडलं. मग ते मिटलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. हे शब्द उच्चारताना त्यांना फार कष्ट पडले. "आणि साहेब, खडे म्हणून मीच सांगितलं. त्या पोरीनं हिलाच विचारलं होतं. ही तोंड उघडणार, तेवढ्यात मी उत्तर दिलं. कांजिण्यांचंही मीच ठोकून दिलं. नाव लिहायचं तर माझं लिहा, तिला बोल लावू नका."

"तुम्हाला कामावरून कसं काढणार?" संचालक हवालदिल झाले. मीटिंगच्या खोलीत मासे नव्हते, त्यामुळे बघायचं कुठे, हीही पंचाईत होती.

"कुणालाच काढायचं नाही," मी म्हटलं. "काका डॉक्टर नाहीत. प्रश्न कानावर आला, त्यांनी उत्तर दिलं. डॉक्टर आपण होतो. छोटीच्या मनात शंका आली होती, ती या इमारतीत आलेली एकमेव शंका होती. तिला काढलंत तर पुढचा डॉक्टर शंका आली तरी मूग गिळून बसेल, आणि तुमचे सर्जन पुढच्या खेपेला आणखी काय शोधत बसतील, ते सांगता येत नाही."

सर्जनसाहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता भांडणार. पण ते उठून काकूंपाशी गेले. "चुकलं माझं," म्हणाले. "तीन भोकं उगाच पाडली." चित्रगुप्तही उठले, आणि त्यांच्यामागोमाग संचालकांना उठणं भाग पडलं.

छोटी राहिली. पहिली चौकशी पेशंटला एकट्याला भेटून करायची, आणि दुसऱ्या डॉक्टरनं पहिल्याचं निदान ऐकण्याआधी स्वतः तपासायचं, एवढं त्या संध्याकाळी ठरलं. विश्वस्तांनी माझ्या समितीत आणखी एक माणूस द्यायचंही कबूल केलं. मी छोटीला मागून घेतलं. आता समितीत मतभेद होतील, पण ते बरं.

मी घरी निघाले तेव्हा काका वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसले.

"तेव्हा, बहिणीकडे, हिच्याजवळ कोण होतं हो?" त्यांनी विचारलं. "आत नेताना?"

"बहीण असेल."

"घाबरली होती का ही?"

मला उत्तर ठाऊक होतं. काकूंनी दुपारीच मला दिलं होतं, अगदी हसत. ते माझ्या ओठांवरही आलं होतं, पण मी गिळलं. "मला नका विचारू," म्हटलं.

काका आत गेले. दार उघडंच राहिलं. ते स्टुलावर बसले, काकूंचा खपलीवाला हात त्यांनी हातात घेतला आणि जरा वेळानं विचारलं, "तेव्हा भीती वाटली होती का गं तुला?"

ते थांबले. काकूंनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, तरी मध्ये बोलले नाहीत.

"हो," काकू म्हणाल्या. "फार."